घरात आजी असल्यास एक

४ सप्टेंबर

आई,

नमस्कार, आणि तोही वाकून, कारण पेनाचं टोपण पलंगाखाली गेलंय.

पोचल्याचं फोनवर सांगितलंच होतं. पण तेव्हा आपला पोरगा तुमच्या मांडीवर आणि फोन त्या बोकोबाच्या तोंडात, त्यामुळे तुमच्यापर्यंत काय पोचलं देव जाणे. खोली लहान आहे. पलंग, टेबल आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीतली खिडकी दिसते, तिच्यात कायम इस्त्रीचं टेबल उभं असतं आणि इस्त्री करणारं कुणी कधी दिसत नाही. स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्यांचं मिळून. प्रत्येकाला एकेक कप्पा आहे. माझ्या कप्प्याला आधीच्या माणसाच्या कांद्यांचा वास येतो.

अभ्यास अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरणाचा, सगळा इंग्रजीतून. त्यामुळे मला वाटलं होतं निम्मी लढाई जिंकली. पण वर्गाचं दार ओलांडलं की पाट्या, बसवाला, दुकानदार, सगळे त्यांच्या भाषेत. दूध समजून दोनदा ताक आणलं. वर्गातली मुलं पंचविशीतली आहेत. पालिकेच्या नियोजन खात्यात इतकी वर्षं तक्ते भरून आलेली, एका मुलाची आई, अशी मी एकटीच.

इथली एक गंमत ऐका. वर्षाच्या शेवटी प्रबंध सगळ्यांसमोर मांडायचा असतो आणि वर्गातल्याच एकाला तुमचा विरोधक नेमतात. त्याने तो आधी वाचायचा आणि चारचौघांत त्यातल्या चुका काढायच्या. विरोध चांगला केला की त्याचे गुण त्याला मिळतात. भांडायचे गुण!

आपलं ठरलंय ते पुन्हा लिहिते. एकमेकींपासून काही लपवायचं नाही. तुमचे चिरंजीव बोटीवर, घरात तुम्ही दोघंच. झेपेनासं झालं की त्याच दिवशी कळवायचं, मी सगळं टाकून येईन. तुम्ही वचन दिलंय.

बोकोबाला झोपताना डावा कान चोळावा लागतो. दूध कोमट, गरम नाही. कात्री वरच्या फळीवर.

तुमची सून

१९ सप्टेंबर

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते काही वेगळे मागावे लागत नाहीत.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. डावा कान मला ठाऊक आहे, तुझ्या नवऱ्याचाही डावाच होता. (मुलगा बोटीवर असला की माझे चिरंजीव, आणि घरी येऊन ओला टॉवेल पलंगावर टाकला की तुझा नवरा, अशी वाटणी मला मान्य आहे. सध्या तो बोटीवर आहे, तरी मी सवयीने लिहिलं.)

तू पत्रं लिहितेस ते बरं करतेस. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता फोन हातात घेतला की मला ड्यूटीवर गेल्यासारखं वाटतं. रविवारी तुला पोरगा दिसावा म्हणून

ही हिरवी रेघ त्याची. खडू काढून घेतला तर आता पेन

हं. झोपला. नाही, उठला. तर काय लिहीत होते, त्याने परवा खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा फोन उचलला आणि 'आई' म्हणाला. काल वायरमनचा उचलला, त्यालाही आई. कुठलाही फोन दिसला की त्याची आई. मी जन्मभर फोनमधली बाई होते, आता तू झालीस.

वाईट वाटून घेऊ नकोस. अभ्यास कर. त्याने शाईत बोट

आई

२८ नोव्हेंबर

आई,

तुमच्या पत्रावरची हिरवी रेघ टेबलासमोर लावली आहे. फोनचं वाचून हसले आणि मग फोन उशीखाली ठेवला.

प्रबंधाचा विषय ठरला: शहराने सरकारी पाळणाघरं काढली तर किती आया कामावर परततील, आणि जागा कमी असतील तर आधी कुणाच्या मुलांना द्याव्यात. आकडे आपल्याच खात्याच्या घरोघर केलेल्या पाहणीचे आहेत, घेऊन येण्याची परवानगी साहेबांनी दिली होती. त्यात एक रकाना आहे. घरात आजी असल्यास एक, नसल्यास शून्य. ज्या घरात शून्य, त्या घरांना जागा आधी. एकवाल्यांना सगळ्यांत शेवटी. माझा सगळा युक्तिवाद या रकान्यावर उभा आहे. म्हणजे तुम्ही माझ्या प्रबंधात आहात, एक म्हणून.

आता माझी फजिती. रंगीत तालीम म्हणून मला वर्गातल्या एका उंचाड्याचा विरोधक नेमलं. त्याचा विषय बसभाडं. मी उभी राहिले, म्हटलं लेखकाने फार मेहनत घेतली आहे, मांडणी सुरेख आहे, एकदोन ठिकाणी छपाईच्या चुका आहेत. आणि बसले. मला वाटलं चांगलं वागले. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलं ना, चारचौघांत कुणाचं उणं काढू नये. तर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "तुम्ही हे वाचलेलंच नाही असं धरू का?" आणि उंचाडा बाहेर आल्यावर तोंड पाडून म्हणाला, "माझ्या कामात भांडण्याएवढंही काही नाही का?" त्याला खरंच लागलं होतं. मी त्याचं कौतुक करून त्याचा अपमान केला होता.

मोठ्या मांडणीत तोच माझा विरोधक असणार आहे आणि मी त्याची. मला भांडता येत नाही हो, आई. काय करू?

तुमची सून

१४ डिसेंबर

सूनबाई,

सासू घरात असताना विरोधक शोधत परदेशी गेलीस? काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझा प्रबंध टप्प्याटप्प्याने मला पाठव. मराठीत समजावून लिहून पाठव, इंग्रजी मला 'नंबर प्लीज'च्या पुढे येत नाही. मी उणं काढते, तू उत्तर दे. सासूला उत्तर देता आलं तर उंचाडा किस झाड की पत्ती.

पहिला हल्ला घे. पाळणाघर हवंच कशाला? दारात विहीर असताना टँकर मागवायचा का? मूल रक्ताच्या माणसाजवळ वाढावं. तिथे कोण कुणाचं? वीस पोरांमागे एक बाई, ती काय कान

थांब, याने पिठाचा डबा

ओंजळभरच सांडलं. कान चोळणार आहे का ती? उत्तर दे. आणि मला 'एक' म्हणालीस ते आवडलं. तुझ्या सासऱ्यांनी कधी एवढं मानलं नाही.

हे पत्र चार दिवस लिहितेय. तांबडा आणि निळा रंग त्याच्याकडून सप्रेम

आई

२१ जानेवारी

आई,

तुमच्या पहिल्या हल्ल्याला उत्तर: प्रत्येक दारात विहीर नसते. ज्यांच्या दारात आहे त्यांच्यासाठी टँकर नाहीच, म्हणून तर तो रकाना. जमलं का?

इथे सकाळी उशिरा उजाडतं आणि दुपारीच मावळतं. परीक्षा झाली. वाचनालयात ऊब असते म्हणून बहुतेक वेळ तिथेच असते. प्रबंधाची दोन प्रकरणं मराठीत समजावून लिहून पाठवतेय. बोकोबाचा नवा फोटो पाठवा, रविवारी तो नुसता पळत असतो.

तुमची सून

५ फेब्रुवारी

सूनबाई,

'परीक्षा झाली' लिहिलंस. कशी झाली ते लिहिलं नाहीस. एक्स्चेंजमध्ये पलीकडून कुणी 'बरं आहे' म्हणालं की ते कितपत बरं आहे हे आम्हाला श्वासावरून कळायचं. असो. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडावीशी वाटली की उघड.

उत्तर जमलं. आवाज मात्र अजून 'माफ करा' असा आहे. भांडताना माफी मागू नये, नंतर मागावी.

बोकोबा आता जिना एकटा उतरतो, उलटा. जिन्यातला दिवा आठवडाभर लुकलुकतोय. वायरमन 'येतो, येतो' म्हणतो आणि अंधारात हा पोरगा धडपडायचा. उद्या मीच स्टूल लावून

त्याने पत्राचा कोपरा खाल्ला. गिळला नाही, काढला.

आई

८ मार्च

आई,

महिना झाला, पत्र नाही. रविवारी फोनवर दिसता, पण नुसता चेहरा, तोही पाठीमागे उशी लावलेला. नर्सबाईंनीच फोन धरलेला असतो आणि 'सगळं छान' हेही त्याच म्हणतात. बोकोबाचा भांग तेल लावून चापूनचोपून पाडलेला होता. असा भांग तुम्ही पाडत नाही, तुम्हाला त्याचे विस्कटलेले केस आवडतात. कुणी पाडला?

मी उगाच काळजी करतेय असं लिहून पाठवा.

तुमची सून

२१ मार्च

सूनबाई,

तू उगाच काळजी करतेस. हे घे, लिहून पाठवलं.

भांग नर्सबाईंनी पाडला, त्यांना स्वतःचं मूल नाही, हौस भागवून घेतात. पत्र लिहायचं राहून गेलं त्याबद्दल विरोधकाची दिलगिरी. आता भरपाई करते.

तुझी दोन्ही प्रकरणं मी नीट वाचली, पेन्सिलीने खुणा करून. समजावून लिहिलंस तर तुझं शास्त्र कळतं की गं. एकाने काम सोडलं की दुसऱ्याला किती तोटा होतो, हे तू आकड्यांतून दाखवलंस ते मला फार आवडलं. पण तो रकाना. घरात आजी असल्यास एक. मी परवापासून त्या एकाकडे बघत बसले आहे. आजी किती वर्षांची? तिचे गुडघे कसे? ती स्वतः कुठे कामाला जाते का? मुळात तिला मूल सांभाळायचं आहे का? हे कुणी विचारलं? पाहणीला आलेला माणूस दारात उभा राहून 'घरात कोण कोण' एवढंच विचारतो आणि जातो. त्याच्या कागदावर आजी ही आजी आहे. उभी आहे की पडली आहे याचा रकाना नाही. मग अशी घरं तू सगळ्यांत शेवटी ढकलतेस. तुझा एक हा काही घरांत अर्धा असेल, काही घरांत पाव. उत्तर दे.

आणि पाळणाघराविरुद्धचा माझा पहिला मुद्दा मी मागे घेते. कारण विचारू नकोस. विरोधकाला मत बदलायची मुभा असते.

इथलं सगळं ठीक. खिडकीखालच्या झाडाला पालवी आली आहे, बसून बघायला छान वाटतं.

आई

९ एप्रिल

आई,

काय पत्र लिहिलंत! मी ते मार्गदर्शक बाईंना इंग्रजीत वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, हे कुठल्या विद्यापीठात असतात? म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात.

तुमच्या शिकवणीचा गुण आला. परवा उंचाड्याची दुसरी तालीम झाली. मी माफी न मागता विचारलं, "तुमच्या हिशोबात भाडं वाढलं की माणूस चालत जातो. ज्याला चालता येत नाही तो कुठे जातो?" त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी स्वतःच्या कप्प्यातली बिस्किटं आणून दिली.

पण तुमचा मुद्दा मी मान्य करत नाही. अर्ध्या आजीचा आकडा कुठून आणू? पाहणीत जे विचारलंच नाही ते मला मिळणार नाही. ढोबळ मानाने आजी घरात असली की मूल सांभाळलं जातं, हे धरून चालावं लागतं. आपलंच घर बघा ना. एक म्हणजे एक. तिसरं प्रकरण सोबत पाठवतेय.

तुमचं अक्षर अलीकडे किती सुंदर येतंय! बोकोबा शहाणा झालेला दिसतो.

तुमची सून

२४ एप्रिल

सूनबाई,

ढोबळ मानाने तर मीही तरुण आहे.

धरून चालतेस ते ठीक, पण धरलंय हे तरी लिही. आणि तिसऱ्या प्रकरणात म्हणतेस, मुलाला पाळणाघराची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. कुठल्या पुस्तकातून उचललंस? चांगले तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मूल रडतं. दुसऱ्यात घरी बसून आजी रडते. तिसऱ्यात मूल संध्याकाळी घरी यायला तयार होत नाही आणि मग आजी पुन्हा रडते. प्रत्येकाची चादर घरून न्यावी लागते, कारण दुपारी त्यांना आपल्या घरच्या वासाशिवाय झोप येत नाही. हे तुझ्या प्रकरणात कुठेच नाही.

असं म्हणतात.

आई

९ मे

आई,

हे पत्र महागड्या सेवेने पाठवतेय, चार दिवसांत मिळेल. फोन करू नका. फोनवर मी रडेन आणि मला रडायचं नाही, भांडायचं आहे. तुम्हीच शिकवलंत.

तुमचं 'असं म्हणतात' वाचून मी हसले होते. मग सगळी पत्रं पलंगावर मांडली. सप्टेंबरची, डिसेंबरची, फेब्रुवारीची. एकही पान धड नाही. वाक्यं तुटलेली, हिरव्या-तांबड्या रेघा, खाल्लेला कोपरा. आणि मार्चपासून? पानंच्या पानं स्वच्छ. एक वाक्य मध्ये तुटलेलं नाही. मूर्ख मी, अक्षराचं कौतुक केलं! मांजर घरात असताना दुधाचं पातेलं इतकं शांत राहत नाही. तो घरात नव्हता, आई. तुम्ही दिवसाउजेडी एकट्या बसून मला पत्रं लिहीत होतात.

नर्सबाईंना फोन केला. थेट विचारल्यावर त्यांना खोटं बोलता येईना. स्टूल, जिना, मोडलेला पाय, प्लास्टर, आणि मागच्या गल्लीतलं पाळणाघर, सगळं त्यांनी सांगितलं. तुमच्या चिरंजीवांनाही माहीत होतं. म्हणजे मीच तेवढी परकी.

माझं मूल तिथे आठवडाभर रडत होतं आणि मी इथे ऊब असलेल्या वाचनालयात बसून लिहीत होते की दोन-तीन दिवस लागतात.

तुम्ही वचन दिलं होतं. मी ते धरून घर सोडलं. वचन नसतं तर मी विमानात पाय ठेवला नसता. आता मी माझं वचन पाळतेय. तीस तारखेचं तिकीट काढलंय. मांडणी सहा जूनला आहे, ती होणार नाही. ज्या प्रबंधाचा पायाच माझ्या घरात मोडून पडलाय तो मी कुठल्या तोंडाने मांडू?

पाय कसा आहे, खरं लिहा.

तुमची सून

१४ मे

सूनबाई,

मीही महागडी सेवाच वापरतेय, तेव्हा नीट वाच.

आधी पाय. घोट्याच्या वर मोडला होता. प्लास्टर निघालं, काठी घेऊन घरातल्या घरात चालते, जिना अजून नर्सबाईंच्या खांद्यावर. हे खरं आहे.

मी वचन मोडलं. त्याला दुसरा शब्द नाही आणि मी शोधतही नाही. बोटीवरच्या मुलालाही मीच गप्प बसवलं. तू परकी नाहीस, तू परत येशील म्हणून तुला सांगितलं नाही. रागाव, तो तुझा हक्क आहे. पण का मोडलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं, ते ऐक.

तुझा नवरा बोकोबापेक्षा थोडा मोठा होता तेव्हा एक्स्चेंजने मला पर्यवेक्षकाच्या ट्रेनिंगला निवडलं. लांबच्या शहरात, सहा महिने. आमच्या सासूबाई म्हणाल्या, जा, मी आहे. मी त्यांच्याकडून वचन घेतलं, अगदी तू घेतलंस तेच. पोराला काही झालं तर त्याच दिवशी कळवायचं. त्या बाई शब्दाच्या पक्क्या. दुसऱ्याच आठवड्यात तार आली: मूल तापाने फणफणलंय, निघ. मी होते तशी निघाले. सबंध प्रवासात नवससायास केले. घरी पोचले तर तुझा नवरा अंगणात गोट्या खेळत होता. ताप माझ्या वाटेतच उतरला होता. परत जाते म्हटलं, तर जागा दुसरीला दिली होती. ती पुढे माझी साहेब झाली. चांगली होती बिचारी, पण मी निवृत्त होईपर्यंत कानाला तेच यंत्र लावून तेच 'नंबर प्लीज' म्हणत राहिले.

सासूबाईंवर मला रागावताही आलं नाही. त्यांनी वचन पाळलं होतं. म्हणून मी मोडलं. दुधाने तोंड पोळलेली बाई मी, ताक फुंकून प्यायले.

जिन्यात पडले तेव्हा पहिला विचार पायाचा नव्हता. पहिला विचार हा आला, की आता ही येणार. दवाखान्यातून येताच नर्सबाईंना म्हटलं, मागच्या गल्लीतल्या पाळणाघराचं बघा. पोरगा रडला, खरं आहे. मी खिडकीतून त्याला कोपऱ्यावर वळताना बघायची आणि मला कुबडी फेकून धावावंसं वाटायचं. पण तिथल्या बाई चांगल्या आहेत. त्यांना कानाचं सांगितलं. त्या चोळतात.

आता विरोधक म्हणून शेवटचं. प्रबंधाचा पाया मोडला म्हणतेस. नाही, एक रकाना चुकला. तो चुकलाय हे सांगायला तुझ्याइतकी लायक बाई त्या वर्गात दुसरी नाही. तू इथे आलीस तर मला पाणी आणून देशील, आणि पाणी मला नर्सबाईही देतात. तिथे तू उठून बोलली नाहीस, तर आमच्यासारख्या मोडक्या आज्या तक्त्यात धडधाकट म्हणून उभ्याच राहतील आणि त्यांच्या नातवंडांना जागा मिळणार नाही.

ये म्हणायला माझी जीभ नुसती वळवळतेय. तू नसलीस की मलाही करमत नाही, हे कधी बोलले नाही ते आता लिहिते. पण सहा तारखेनंतर ये.

आई

७ जून

आई,

तिकीट पुढे ढकललं, ते तुम्हाला नर्सबाईंकडून कळलंच असेल. पत्र आलं त्या दिवशी मी ते चारदा वाचलं आणि चारही वेळा रागाने सुरुवात केली. राग गेलेला नाही. घरी येऊन अजून एकदा मनसोक्त भांडणार आहे, तयारीत राहा.

आधी माझी मूठ उघडते. जानेवारीत मी आकडेशास्त्राच्या परीक्षेत नापास झाले होते. एप्रिलमध्ये पुन्हा दिली तेव्हा सुटले. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, झालं तेवढं पुरे, ये. तुम्ही असं म्हणाला नसतात हे आता कळतंय. आपण दोघींनी एकच चोरी केली आणि एकाच कारणासाठी. म्हणून माझा आवाज जरा खाली आहे.

काल मांडणी झाली. उंचाडा पहिल्याच प्रश्नाला त्या रकान्यावर आला. चांगला विरोधक आहे तो, कुठे मारायचं ते त्याला बरोबर कळतं. म्हणाला, "घरात आजी असली की मूल सांभाळलं जातं, याला आधार काय?"

मी म्हटलं, "आधार नाही. मी ते धरून चालले होते. या पाहणीतल्या एका घरात फेब्रुवारीपासून तो आकडा खोटा आहे. मला ते मे महिन्यात कळलं, आणि त्या घरातलं मूल माझं आहे."

मला वाटलं बोलणं संपलं माझं, पण आवाज येत राहिला. मी सांगितलं की घरात कोण राहतं आणि घरात कोण सांभाळू शकतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आम्ही पहिला विचारून दुसऱ्याचं उत्तर लिहिलं. बाकी हिशोब टिकतो, पण जागा कुणाला आधी द्यायच्या हा माझा निष्कर्ष मी मागे घेते. पाहणीत प्रश्न वाढवायचा, तो प्रश्न आजीलाच विचारायचा, आणि तोवर आजी असलेल्या एकाही घराला रांगेत मागे ढकलायचं नाही. शेवटच्या पानावर मी हेच लिहिलंय.

बाईंनी विचारलं, "स्वतःचा निष्कर्ष मागे घेताना वाईट नाही वाटत?" म्हटलं, वाटतं. पण माझ्या विरोधकाने मला वेळेवर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

उत्तीर्ण झाले, आई. उत्तमपैकी नाही, पण चांगली. उंचाड्याने बाहेर येऊन हात हातात घेतला आणि विचारलं, "तुमचा तो खरा विरोधक कोण?" मी तुमचं पत्र दाखवलं. त्याला अक्षर कळेना, पण बराच वेळ बघत होता.

पंचवीस तारखेला पोचते. साहेबांना सांगितलंय, पुढच्या पाहणीचे प्रश्न मी लिहिणार. एकच भीती आहे. बोकोबा मला ओळखेल ना?

तुमची सून

१५ जून

सूनबाई,

तुझं पत्र नर्सबाईंना, वायरमनला आणि पाळणाघरवाल्या बाईंना वाचून दाखवलं. वायरमनने लाजेकाजेस्तव जिन्यातला दिवा बदलला.

नापास झालीस ते मला तेव्हाच कळलं होतं. श्वासावरून. मूठ तुझी होती, म्हणून विचारलं नाही.

भांडायला ये. मी काठी घेऊन दारात उभी आहे, तशीही ती लागतेच. आज रविवार, पाळणाघर बंद, तेव्हा हे पत्र मला खोटं लिहिताच येणार नाही, बघ, ही हिरवी रेघ. आणि ही

हो, ही तांबडी. ओळखेल का म्हणतेस? तुला खरं सांगते, मला माहीत नाही. एकदोन दिवस तो माझ्या पदरामागे लपेल, तू मन घट्ट कर. पण काल मी त्याला सांगितलं, तुझी आई आता फोनमधून बाहेर येणार आहे. तेव्हापासून तो नर्सबाईंचा फोन उलटा करून त्याची मागची बाजू बघतोय. आत्ताही तेच चाललंय. दार कुठे आहे असं मला विचारतोय, त्याला काय सांगू, तूच लवकर

अगं पेन सोड रे